डोळ्यांभोवतीच्या नाजूक त्वचेची निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा इंदूरच्या निरनिराळ्या भागांतून आमच्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांतील स्त्री-पुरुष जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. आमचे काम त्वचेच्या निगेचे आहे, वैद्यकीय उपचारांचे नाही. डोळ्यांच्या बाबतीत ही सीमारेषा फार महत्त्वाची असल्याने कोणता प्रश्न आमच्या हातचा आणि कोणता डॉक्टरांचा, हेही प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे.

डोळ्यांभोवतीच्या त्वचेची निगा वेगळी का घ्यावी लागते? चेहऱ्याचेच क्रीम तेथे चालत नाही का?

पापणीची त्वचा आपल्या शरीरातील सर्वांत पातळ त्वचा आहे. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, तेलग्रंथी थोड्या असतात आणि डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू तिला अगदी लागून असतो. जागेपणी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, म्हणजे ही त्वचा दिवसभर हलत, दुमडत असते. गालावर सहज सोसले जाणारे क्रीम येथे चुरचुरते आणि गालावर महिन्याने दिसणारा कोरडेपणा येथे चार दिवसांत दिसतो, त्याचे कारण हेच.

तरीही प्रत्येकाने महागडे अंडर-आय क्रीम घेतलेच पाहिजे, असे आम्ही सांगत नाही. आपले नेहमीचे मॉइश्चरायझर सुगंधविरहित आणि साधे असेल, त्यात त्वचा सोलणारी आम्ले नसतील आणि ते लावल्यावर डोळ्यांत पाणी येत नसेल, तर तेच खालच्या पापणीपासून थोडे दूर, हाडावर लावल्यास पुरेसे होते.

काळी वर्तुळे नेमकी कशामुळे येतात?

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याचे एकच एक उत्तर नसते. ‘काळी वर्तुळे’ या एका नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांतली आपली कोणती, हे ओळखल्याशिवाय घेतलेले कोणतेही क्रीम म्हणजे अंधारात मारलेला दगड.

पहिला प्रकार रंगद्रव्याचा. त्वचेत मेलॅनिन जास्त साठल्याने डोळ्यांखाली, कधी वरच्या पापणीवरही, तपकिरी छटा दिसते. गव्हाळ आणि सावळ्या वर्णात हा प्रकार पुष्कळ आढळतो. ऊन, डोळे चोळण्याची सवय आणि जुनी ॲलर्जी यांमुळे तो वाढतो. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. त्वचा इतकी पातळ असते की खालच्या शिरा आणि स्नायूचा रंग वर निळसर-जांभळा दिसतो; झोप कमी झाली, सर्दी झाली की तो गडद होतो. तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ सावली. वयानुसार गालाची चरबी खाली सरकते, डोळा आणि गाल यांच्यामधली खाच खोल होते किंवा डोळ्याखाली पिशवी येते आणि वरून येणाऱ्या प्रकाशात तेथे सावली पडते. अनेकांमध्ये हे प्रकार मिसळलेले असतात.

घरी ओळखायचे असल्यास सकाळी, काजळ न लावता, खिडकीसमोर आरसा घेऊन बसावे. खालच्या पापणीची त्वचा बोटाने अगदी हळू बाजूला ताणावी. रंग जवळजवळ तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा असण्याची शक्यता जास्त. ताणल्यावर जांभळेपणा अधिक उठून दिसला तर तो रक्तवाहिन्यांचा. मग चेहरा वर, उजेडाकडे करावा. काळेपणा नाहीसा झाला तर ती सावली होती आणि सावली कोणत्याही क्रीमने पुसली जात नाही. ही परीक्षा ढोबळ आहे, परंतु क्रीम विकत घेण्यापूर्वी ती केली तर पुष्कळांचे पैसे वाचतील.

माझ्या आईला आणि मावशीलाही अशीच वर्तुळे होती. मग उपाय करण्यात अर्थ आहे का?

आहे, पण अपेक्षा ठरवून. आनुवंशिक रंग पूर्णपणे जात नाही. ऊन आणि चोळणे टाळल्यास तो वाढत नाही आणि नियमित निगेने काहीसा फिका होतो. ‘सात दिवसांत वर्तुळे गायब’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

पूर्ण झोप घेऊनही डोळे काळवंडलेले, ओढलेले दिसतात. असे का होते?

अशा वेळी हिमोग्लोबिनची साधी रक्ततपासणी करून घ्यावी, असे आम्ही सुचवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षयाने चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालचा काळेपणा त्यावर अधिक उठून दिसतो. घरातल्या सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर जेवणाऱ्या, दमून गेलेल्या किती तरी बायका आमच्याकडे फेशियलची चौकशी करायला येतात; त्यांना खरी गरज डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांची असते. मालिश करून ही कमतरता भरून निघत नाही.

माझी मुलगी सारखे डोळे चोळते. तिच्या डोळ्यांखाली आत्ताच काळे दिसू लागले आहे.

माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी होते, कोरडे वारे सुटतात आणि हवेत भुसा व धूळ भरते. ॲलर्जीची सर्दी असलेल्या मुलांचे नाक चोंदते, डोळे खाजतात आणि नाकाभोवतीच्या शिरांमधले रक्त तुंबून डोळ्यांखाली निळसर छटा येते. त्यात चोळण्याची भर पडली की त्वचा तपकिरी आणि जाडसर होत जाते. म्हणजे मूळ दुखणे नाकाचे असते, खूण मात्र डोळ्यांखाली दिसते. मुलीला बालरोगतज्ज्ञांना किंवा नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. खाज थांबली की चोळणे थांबते. सतत जोराने डोळे चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडण्याचाही धोका असतो, त्यामुळे हा विषय केवळ दिसण्याचा समजू नये. खाज सुटल्यावर थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायला शिकवावे. लहान मुलांवर आम्ही कोणतीही प्रक्रिया करत नाही.

सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज असते, दुपारपर्यंत उतरते. हे काळजीचे आहे का?

बहुधा नाही. रात्रभर आडवे राहिल्याने सैल त्वचेत पाणी साचते आणि उठून वावरू लागल्यावर ते ओसरते. आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उशिरापर्यंत खाणे झाले असेल तर सूज अधिक दिसते, कारण मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आपल्याकडे पोह्यांवर शेव, जेवणात शेव आणि संध्याकाळीही शेव असल्याने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. उशी किंचित उंच ठेवणे, रात्रीचे खारट कमी करणे आणि सकाळी थंड पट्टी ठेवणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

परंतु सूज दिवसभर राहत असेल, तिच्यासोबत पायही सुजत असतील, लघवीला फेस येत असेल किंवा वजन विनाकारण वाढत असेल, तर मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. एकाच डोळ्याला लाल, दुखरी सूज आणि ताप असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा पापणी अचानक खाली आली असेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे डोळ्यांभोवती नेमके काय करतात?

सुरुवात वीस मिनिटांच्या बोलण्याने आणि दिवसाच्या उजेडातल्या निरीक्षणाने होते. त्यानंतर कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवण्यास सांगितले जाते. काजळ किंवा मस्कारा असल्यास ओला कापूस मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता ठेवला जातो. मेकअप सैल झाल्यावर तो वरून खाली हलकेच टिपला जातो, घासला जात नाही. मग थंड पट्टी, त्यानंतर अनामिकेने हलका मसाज. अनामिका यासाठी की त्या बोटाचा दाब आपोआप कमी पडतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, कानशिलाकडे आणि तेथून कानासमोरून मानेकडे असा हात फिरतो, जेणेकरून साचलेले पाणी निघून जाण्यास मदत होते. कातडी हलते एवढाच दाब असतो. दाबून, रगडून केलेला मसाज येथे अपायकारक ठरतो. शेवटी ओलावा धरणारा मास्क, सुगंधविरहित क्रीम आणि दिवस असेल तर सनस्क्रीन. सगळ्याला मिळून सुमारे चाळीस मिनिटे लागतात.

डोळ्याच्या खोबणीचे हाड बोटाला लागते, ती आमची हद्द. क्रीम आणि हात त्या हाडावर राहतात, पापणीच्या कडेपर्यंत जात नाहीत. या निगेने सूज उतरते, त्वचा तुकतुकीत दिसते, बारीक रेषा काही दिवस भरल्यासारख्या वाटतात. रंग मात्र एका बैठकीत बदलत नाही.

डोळ्यांखाली ब्लीच किंवा पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणे) करता का?

नाही. ब्लीचमधील अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे ही त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी आपल्या वर्णात नवा काळेपणा येतो, जो पहिल्यापेक्षा हट्टी असतो. लग्नाच्या चार दिवस आधी दुसरीकडे ब्लीच करून सुजलेले डोळे घेऊन आलेली नवरी मी पाहिली आहे, आणि त्या वेळी थंड पट्टी ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवण्यापलीकडे मला काहीही करता आले नव्हते. सौम्य पील डोळ्यांभोवती करता येते, परंतु ते त्वचारोगतज्ज्ञांनीच करावे.

थ्रेडिंगमुळे पापण्या लोंबतात का?

भुवया कोरल्याने पापणी लोंबते, याला आधार नाही. धोका निराळा आहे. अनेक ठिकाणी दोऱ्याचे एक टोक दातांत धरले जाते आणि तोच दोरा ताज्या ओरखड्यांवर फिरतो. अशा अस्वच्छतेतून भुवईजवळ चामखीळ, पाण्यासारखे दाणे आणि पूयाच्या पुटकुळ्या येऊ शकतात. दोरा गळ्यात अडकवून काम करता येते. तसा आग्रह अवश्य धरावा आणि दोरा नवा आहे हेही पाहावे. थ्रेडिंगच्या दिवशी तेथे रेटिनॉल, आम्लयुक्त सीरम किंवा सुगंधी क्रीम लावू नये.

बाजारात इतकी क्रीमे आहेत. त्यांतील कोणता घटक कशासाठी असतो?

तपकिरी रंगासाठी व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड. सकाळच्या सुजेसाठी कॅफीन, ज्याचा परिणाम काही तासांचाच असतो. कोरडेपणासाठी हायलुरोनिक आम्ल, ग्लिसरीन आणि सिरॅमाइड. बारीक सुरकुत्यांसाठी रेटिनॉल. रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्रींपासून, अगदी कमी प्रमाणात सुरू करावे. गरोदरपणात किंवा गर्भधारणेची तयारी चालू असताना ते मुळीच वापरू नये. एका डोळ्याला तांदळाच्या दाण्याएवढे क्रीम पुरते. जास्त लावलेले क्रीम रात्री ओघळून डोळ्यांत जाते आणि सकाळी सूज येते; मग क्रीम मानवले नाही असे वाटते, वास्तविक ते जास्त झालेले असते.

एका वेळी एकच नवे क्रीम सुरू करावे. आधी ते कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावे. रंगावरचा परिणाम आठ ते बारा आठवड्यांशिवाय जोखू नये, कारण त्वचेचा वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो आणि वय वाढते तसा तो काळही वाढतो.

उन्हाचे काय? सनस्क्रीन डोळ्यांत गेल्यास झोंबते.

सगळ्या निगेत सनस्क्रीनला मी पहिला मान देते, आणि इंदूरकरांनी तर तो द्यायलाच हवा. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्या परिसरातून जाते. इंदूर त्याच्या दक्षिणेला असल्याने जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांच्या सुमारास, वर्षातून दोनदा, सूर्य अगदी डोक्यावर येतो. एप्रिल-मेच्या निरभ्र आकाशात तर दुपारचे ऊन सोसवत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन सहसा कमी झोंबते. काडीच्या रूपातले असेल तर ओघळतही नाही. त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड असते आणि ते दृश्य प्रकाशापासूनही बचाव करते, जो आपल्या वर्णात काळेपणा वाढवतो. दुचाकीवरून जाताना यूव्ही ४०० असे लिहिलेला, डोळ्यांच्या बाजूही झाकणारा गॉगल घालावा. नुसती गडद काच पुरेशी नाही: गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते डोळ्यांत अधिकच शिरतात.

उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपू नये. तो रात्रभर डोळे आणि त्वचा दोन्ही सुकवतो.

रंगपंचमीच्या गेरला जायचे आहे. डोळे कसे जपावेत?

राजवाड्यासमोरून जाणारी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, चुकवा, असे कोणाही इंदूरकराला सांगण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी डोळ्यांभोवतीच्या हाडावर खोबरेल तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा; पापणीच्या कडेला लावू नये. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवाव्यात, कारण रंग लेन्सखाली अडकतो. साधा चष्मा किंवा गॉगल घालावा. गुलाल उडवणाऱ्या यंत्रांच्या समोर उभे राहू नये. हवेच्या जोराने बसलेले कण बुबुळावर ओरखडे काढतात.

परतल्यावर कोरडा रंग आधी मऊ कापडाने झटकावा, मग साध्या पाण्याने धुवावा आणि तेल लावून उरलेला टिपून घ्यावा. एका दिवसात सगळा रंग काढायचा हट्ट धरू नये. तो तीन-चार दिवसांत आपोआप जातो आणि घासून काढल्यास मागे डाग ठेवतो. डोळ्यांत रंग गेला तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. त्यानंतरही दुखणे, अंधुक दिसणे किंवा उजेड न सोसणे राहिल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रंगपंचमीनंतर एक आठवडा आम्ही डोळ्यांभोवती काहीही करत नाही.

काजळ आणि सुरमा वापरावा का?

पारंपरिक सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो, तो वापरू नये. घरच्या तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ मोठ्यांनी पापणीच्या बाहेरच्या बाजूने लावावे आणि रात्री न चुकता काढावे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजींना वाईट वाटू नये म्हणून तीट कपाळाच्या कडेला किंवा तळपायाला लावता येते. मस्कारा दर तीन महिन्यांनी बदलावा आणि डोळे आल्यास त्या वेळचे सगळे सामान टाकून द्यावे.

आईच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालतो. तेव्हापासून तिच्या पापण्या काळवंडल्या आहेत.

लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट अशा गटातल्या थेंबांमुळे पापण्यांची त्वचा काळवंडते आणि केस लांब होतात, हे ज्ञात आहे. थेंब घातल्यावर ओघळलेले औषध लगेच टिपून घ्यावे. थेंब मात्र स्वतःहून कदापि बंद करू नयेत. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांना काळेपणा दाखवावा, ते योग्य वाटल्यास औषध बदलतात.

औषधांच्या दुकानातून आणलेल्या मलमाने आठ दिवसांत फरक पडला. तेच चालू ठेवू का?

त्याच्या खोक्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस त्वचा उजळते, नंतर ती पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येते; आणि डोळ्यांजवळ दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. २०१८ पासून अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. पुष्कळ दिवस लावले असेल तर एकदम थांबवल्यावर त्वचा भडकते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच थांबवावे.

डोळ्यांजवळ पांढरे दाणे आणि पिवळे चट्टे आहेत. ते काढून देता का?

नाही. पांढरे, टणक दाणे निरुपद्रवी असतात, डॉक्टर ते निर्जंतुक सुईने काढतात. आतल्या कोपऱ्याजवळचे पिवळे चट्टे मात्र पाहिल्यास आधी कोलेस्टेरॉल तपासावे. असे चट्टे असणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडलेले आढळते.

डोळ्यांखाली फिलर घेणे सुरक्षित आहे का?

फिलर म्हणजे त्वचेखाली टोचून खाच भरण्याचे द्रव्य. खोल खाचेच्या सावलीवर त्याचा उपयोग होतो. परंतु फिलर चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते, म्हणून ते अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडूनच, आणि हायलुरोनिक आम्लाचेच घ्यावे, कारण ते विरघळवण्याचे औषध उपलब्ध आहे. पार्लरमध्ये कोणी सुई दाखवली तर तेथून उठून यावे.

लिंबू, बटाटा, काकडी यांचा उपयोग होतो का?

काकडीने थंडावा मिळतो, बटाट्यानेही तेवढेच. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळी पडते.

पहिल्या भेटीला येताना काय आणावे?

सध्या वापरत असलेली सगळी क्रीमे, मलमे आणि डोळ्यांचे थेंब खोक्यांसह आणावेत. नाव आठवण्यापेक्षा खोके पाहिलेले बरे. मोतीबिंदूची किंवा लेसरने चष्म्याचा नंबर काढण्याची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असल्यास शल्यविशारदांची लेखी परवानगी आणावी. सकाळी दहा ते बारा या वेळेत, काजळ न लावता यावे, कारण निरीक्षण दिव्याखाली नव्हे तर खिडकीजवळ केले जाते. शक्य असल्यास स्वतःचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आणि आईचा किंवा वडिलांचा तरुणपणीचा एक-एक फोटो सोबत घ्यावा. कित्येकदा तो अल्बम उघडल्यावरच वर्तुळे कोठून आली याचे उत्तर मिळते, आणि क्रीमची यादी निम्म्याने कमी होते.